भिशीचा नंबर आणि उद्याचा खेळाडू

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या गल्ल्यांत, भिशीचा नंबर बदलून घेणे नवे नाही. बारा जणांची भिशी, महिन्याला दोन हजार, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरलेला. अकरावा नंबर लागलेल्याच्या घरी लग्न निघाले की तो दुसऱ्या नंबरवाल्याचे दार वाजवतो. तुझा नंबर मला दे, वर हजार घे. रक्कम दोघांनाही चोवीस हजारच मिळायची असते, तरी दुसऱ्या नंबराचा भाव अकराव्याहून जास्त असतो. आजचा पैसा उद्याच्या पैशापेक्षा जड असतो, हे त्या गल्लीत कुणाला शिकवावे लागत नाही. आणखीही एक गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक असते. भिशी चालवणारी बाई भरवशाची नसेल, तर अकराव्या नंबराला कुणी विचारत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचे अठरा श्रीमंत क्लब दर ऑक्टोबरात हाच व्यवहार करतात. त्यांच्या भिशीत पैशाऐवजी अठरा वर्षांची मुले असतात. कोणता क्लब कितव्या नंबराने मुलगा निवडणार, तो नंबर कुणाला द्यायचा आणि बदल्यात काय घ्यायचे, यावर तिथे गेली चाळीस वर्षे डोकी झिजत आहेत. आपल्याकडे खेळाडू वाटण्याची रीत म्हणजे लिलाव, अशी समजूत आयपीएलने पक्की केली. पण नंबराने निवडण्याचा हा ड्राफ्ट आपल्याकडेही येऊन गेला आहे. क्रिकेटमध्ये आला, आणि सोलापूर जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या खो-खोतही आला. म्हणून नंबरांच्या या व्यापारात शहाणपण कशात असते आणि त्यातले आपल्या मैदानांवर काय रुजेल, हे एकदा सलग पाहायला हवे.

तळाच्याला पहिला मान

ऑस्ट्रेलियातला हा फुटबॉल जन्मला मेलबर्नमध्ये, 1858-59 च्या सुमारास. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये, हा टॉम विल्स या क्रिकेटपटूचा त्यामागचा एक हेतू होता. आजही तो क्रिकेटच्या लंबगोल मैदानांवर, एका बाजूला अठरा खेळाडू घेऊन खेळला जातो. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला ओळखीचे असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हीच त्याच्या अंतिम सामन्याची जागा.

राष्ट्रीय ड्राफ्ट 1986 साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पगारावर कमाल मर्यादा आली. नियम साधा आहे. मोसमात तळाला राहिलेल्या संघाने नव्या मुलांतून पहिला मुलगा घ्यायचा आणि विजेत्याने सगळ्यांत शेवटी. पहिली फेरी संपली की त्याच क्रमाने दुसरी. श्रीमंताने पैशाच्या जोरावर सगळे मोहरे गोळा करू नयेत, हा उद्देश. क्लबांना नंबर रोख पैशाला विकता येत नाही. त्याची देवाणघेवाण होते ती दुसऱ्या नंबराशी किंवा खेळाडूशी. त्यामुळे नंबर हेच चलन झाले, आणि चलन आले की सराफही आलेच.

तळाच्याला बक्षीस देणाऱ्या या पद्धतीत एक कीडही आहे. हरण्यातच फायदा असेल तर जिंकायचे कशाला? मेलबर्न क्लबवर 2009 च्या मोसमाबद्दल असाच संशय घेतला गेला. चौकशीत मुद्दाम हरल्याचा ठपका आला नाही, पण 2013 मध्ये क्लबला वर्तनाबद्दल पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. गंमत पुढेच आहे. 2009 च्या ड्राफ्टमध्ये पहिला आणि दुसरा असे दोन्ही नंबर मेलबर्नकडेच होते. पहिल्या नंबरावर घेतलेला टॉम स्कली दोन वर्षांत नव्या क्लबकडे निघून गेला आणि मेलबर्नचे विजेतेपद लांबले ते थेट 2021 पर्यंत. पहिला नंबर हातात असणे आणि त्याचे चीज होणे यांत केवढे अंतर असते, हे त्या क्लबाइतके कुणी भोगले नसेल.

नंबराचा भाव कसा ठरतो

2015 मध्ये लीगने प्रत्येक नंबराला गुण देणारा तक्ताच छापला. पहिल्या नंबराला 3000, दुसऱ्याला 2517, दहाव्याला 1395, अठराव्याला 985. यातली उतरण पाहण्यासारखी आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना 483 गुण कमी होतात, सतराव्यावरून अठराव्यावर येताना फक्त 40. अठराव्यासारखे तीन नंबर जोडले तरी बेरीज 2955 होते आणि पहिल्याची बरोबरी होत नाही. तक्ता सांगतो, की अव्वल मुलगा एकच असतो आणि पुढे सगळे जवळजवळ सारखे.

हे खरे आहे का? अमेरिकन फुटबॉलमध्ये असा तक्ता आधीच प्रचलित होता. डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा तो तक्ता 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि त्यातही पहिल्या नंबराला 3000 गुणच होते. पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी तिथल्या सौद्यांची छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा, की वरच्या नंबरांना क्लब गरजेपेक्षा जास्त किंमत मोजतात. मिळणारा खेळाडू चांगला असतो, पण त्याच्यासाठी जे सोडून दिले जाते ते एकूण अधिक मोलाचे असते. थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसे आपल्याच अंदाजावर फाजील विश्वास ठेवतात हा त्यांच्या अभ्यासाचा एक धागा, आणि अठरा वर्षांच्या मुलाचे भविष्य वर्तवताना तो विश्वास भलताच फुगतो.

डाळिंबाची बाग घेणारा व्यापारी याच जागी फसतो. झाडावरची फुले पाहून तो काढणीचा हिशेब मांडतो. गारपीट, तेल्या, बाजारभाव हे सगळे फुलानंतर यायचे असते. म्हणून शहाणा व्यापारी एकाच बागेत सगळी रक्कम अडकवत नाही. ड्राफ्टमध्ये नंबर खाली नेऊन एकाचे दोन करणाऱ्या क्लबांची भूमिका हीच असते.

तीन सौदे, तीन धडे

सिद्धांतापेक्षा जुन्या वह्या जास्त बोलतात. पहिली वही 2001 ची. पर्थजवळच्या फ्रीमँटल क्लबकडे पहिला नंबर होता. त्यांनी पहिला, विसावा आणि छत्तिसावा असे तीन नंबर हॉथॉर्नला दिले आणि ट्रेंट क्रोड व ल्यूक मॅकफार्लिन हे दोन खेळाडू घेतले. हॉथॉर्नने पहिल्या नंबरावर ल्यूक हॉज आणि छत्तिसाव्यावर सॅम मिचेल निवडला. 2008, 2013, 2014 आणि 2015 अशा चार विजेतेपदांत हे दोघे होते. क्रोड दोन वर्षांत हॉथॉर्नकडे परतला आणि 2008 च्या विजेत्या संघात तोही होता. मॅकफार्लिनने फ्रीमँटलची दीर्घकाळ उत्तम सेवा केली, म्हणजे सौदा अगदीच वाया गेला असे नाही. पण फ्रीमँटलला पहिले विजेतेपद अजून मिळायचे आहे. यातली बोचरी गोष्ट छत्तिसाव्या नंबराची. सौद्यात चिल्लर म्हणून टाकलेल्या नंबरातून मिचेल निघाला.

दुसरी वही 2007 ची. वेस्ट कोस्टचा ख्रिस जड तेव्हा देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता आणि त्याला मेलबर्न शहरात परतायचे होते. तिथल्या कार्लटन क्लबाने त्याच्यासाठी तिसरा नंबर, विसावा नंबर आणि जॉश केनेडी नावाचा तरुण आक्रमक दिला. जडने कार्लटनकडून 2010 चे ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. पण कार्लटनचे शेवटचे विजेतेपद 1995 चेच राहिले. केनेडीने वेस्ट कोस्टसाठी सातशेहून अधिक गोल केले आणि 2018 मध्ये विजेतेपद उचलले. गाजावाजा झाला होता तिसऱ्या नंबराचा. बाजी मारली ती सौद्यातल्या तिसऱ्या वस्तूने.

एवढ्यावर थांबलो तर नंबर जपून ठेवावा, जुन्या नावामागे धावू नये, असा सोपा निष्कर्ष निघेल. तिसरी वही तो मोडून काढते. 2020 मध्ये जिलाँगने पहिल्या फेरीतले तीन नंबर देऊन जेरेमी कॅमेरॉन हा पक्का गोलमार घेतला. संघ म्हातारा होत चालला आहे, भविष्य विकून खाल्ले, अशी टीका झाली. 2022 मध्ये तोच संघ अंतिम सामन्यात सिडनीवर 81 गुणांनी विजय मिळवून विजेता ठरला. जिलाँगकडे बाकी सगळी बांधणी तयार होती, कमी होता तो एक खांब. फ्रीमँटल आणि कार्लटन घराचा पायाच घालत होते. कळस विकत घ्यायचा तो भिंती उभ्या राहिल्यावर. सौदा चांगला की वाईट हे त्यात काय दिले-घेतले यापेक्षा कोणत्या वेळी केला यावर ठरले, असे या तीन वह्या शेजारी ठेवल्यावर दिसते.

उद्याचे पीक आज

2015 पासून क्लबांना पुढच्या वर्षीचा नंबरही आज देता येऊ लागला आणि 2018 पासून ड्राफ्ट चालू असताना जागेवरच सौदे होऊ लागले. हे उभे पीक विकण्यासारखे आहे, फरक इतकाच की पीक किती येईल हे विकणाऱ्याच्या स्वतःच्या खेळावर अवलंबून असते. आपण चांगले खेळलो तर दिलेला नंबर हलका, आपटलो तर भारी. कार्लटनने 2018 च्या ड्राफ्टच्या रात्री एकोणिसाव्या नंबरासाठी ॲडलेडशी पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतल्या नंबराची अदलाबदल केली. म्हणजे आपण पुढच्या वर्षी वर चढू यावर त्यांनी पैज लावली, आणि संघ पुन्हा तळाशीच घुटमळला.

प्रत्येक क्लबाला स्वतःचा उद्या आहे त्यापेक्षा सोन्याचा वाटतो. म्हणून समोरच्याच्या फाजील आशेवर सौदा करणे हे या बाजारातले सगळ्यांत जुने चातुर्य ठरले. लीगलाही हे कळत होते. चार वर्षांत पहिल्या फेरीतून किमान दोन खेळाडू घेतलेच पाहिजेत, असे बंधन तिने सुरुवातीलाच घातले. उचल घेताना हात सैल सुटतो, हे ऊसतोडीच्या टोळ्यांना जेवढे माहीत, तेवढेच या कोट्यधीश क्लबांनाही लागू पडते. 2025 पासून मुदत दोन वर्षे पुढपर्यंत वाढली आणि चूक करण्याची सोयही वाढली.

घरची मुले

या साऱ्या गणितात एक मायेची फट आहे. बापाने क्लबसाठी किमान शंभर सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. तसेच सिडनी, ब्रिस्बेन यांसारख्या, हा खेळ मुळात कमी रुजलेल्या भागांतल्या क्लबांना आपल्या प्रबोधिनीत घडवलेल्या मुलांवर हक्क मिळतो. मूल फुकट मिळत नाही. दुसऱ्या क्लबाने त्या मुलाला ज्या नंबरावर मागितले, त्या नंबराचे गुण भरावे लागतात. त्यावर आधी 20 टक्के सूट होती, 2025 पासून ती 10 टक्क्यांवर आणली गेली.

इथे तक्त्याचा खरा खेळ सुरू झाला. गुण भरायचेच आहेत तर एक मोठा नंबर कशाला जाळायचा? तो मोडून मधले चार-पाच नंबर घ्या आणि सुट्ट्या पैशांत बिल भागवा. कॉलिंगवुडने हेच केले. पीटर डेकॉस या जुन्या ताऱ्याचा मुलगा निक 2021 मध्ये येणार हे उघड होते, म्हणून क्लबाने त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबर आधीच देऊन टाकला. निकला चौथ्या नंबरावर मागणी आली. 2034 गुणांतून सूट वजा जाता सुमारे 1627 गुण क्लबाने खालच्या नंबरांतून भरले. दोनच वर्षांत, 2023 मध्ये, कॉलिंगवुड विजेता झाला. ब्रिस्बेनने 2022 मध्ये विल ॲशक्रॉफ्टला बापाच्या वारशाने घेतले आणि 2024, 2025 अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. या दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडू विलच ठरला.

तळाच्यांनी कुरकुर केली ती रास्तच होती. समतेसाठी आणलेल्या पद्धतीत वारसा शिरला की वरचे वरच राहतात. सूट कमी झाली ती या कुरकुरीमुळे. पण घरच्या मुलाला घरचा क्लब मिळावा ही भावना तळाचेही सोडायला तयार नाहीत. प्रेक्षक तिच्यावरच तर जगतो.

आपल्या अंगणात

आता घरी येऊ. आयपीएलच्या पहिल्या वर्षी, 2008 मध्ये, एकोणीस वर्षांखालील खेळाडूंचा छोटा ड्राफ्ट झाला होता. विराट कोहली नुकताच युवा विश्वचषक जिंकून आला होता. दिल्लीच्या संघाने घरच्या कोहलीऐवजी प्रदीप सांगवान या वेगवान गोलंदाजाला घेतले आणि कोहली बंगळूरला गेला. आज हसू येते, पण दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते. गरज भागवावी की समोरचा सर्वोत्तम उचलावा, हा ड्राफ्टमधला सनातन प्रश्न. ऑस्ट्रेलियातला अनुभव दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण गरज दोन वर्षांत बदलते आणि गुणवत्ता टिकते.

15 डिसेंबर 2015 चा प्रसंग तर महाराष्ट्राचाच. चेन्नई आणि राजस्थान निलंबित झाल्यावर पुणे आणि राजकोट हे दोन संघ केवळ दोन वर्षांसाठी आले आणि निलंबित संघांतले खेळाडू त्यांनी आळीपाळीने निवडले. पुण्याने पहिल्या नंबरावर 12.5 कोटींना धोनी घेतला, राजकोटने रैना. पुण्याच्या वाट्याला पुढे रहाणे, अश्विन, स्मिथ आणि डू प्लेसी आले. संघ पहिल्या वर्षी आठांत सातवा आला. दुसऱ्या वर्षी पुण्याने 14.5 कोटींना बेन स्टोक्स घेतला, अंतिम सामना गाठला आणि तो मुंबईकडून एका धावेने गमावला. ज्या संघाला तिसरे वर्षच नाही त्याने पोरे घडवण्यात अर्थ नव्हता. सगळे आज उधळणे हेच तिथे शहाणपण होते.

उलट वाट कबड्डीत दिसते. प्रो कबड्डीत लिलाव आहे, पण पुणेरी पलटणने युवा पलटण या आपल्या प्रबोधिनीतून मुले वर आणली. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदार कर्णधार झाला आणि 1 मार्च 2024 रोजी हरियाणाला 28-25 असे हरवून संघ विजेता ठरला. त्याच संघात 2.35 कोटींचा इराणी शादलूही होता. पाया घरचा आणि कळस विकतचा, म्हणजे जिलाँगचाच हिशेब मराठी मातीत.

अस्सल ड्राफ्ट आला तो खो-खोत. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो लीगसाठी पुण्यात ड्राफ्ट झाला. खेळाडूंचे चार गट पाडले होते आणि मानधन पाच लाखांपासून एक लाखापर्यंत आधीच ठरलेले होते. बोली नाही, फक्त क्रम. अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप या लीगमध्ये चेन्नई क्विक गन्सकडून खेळला आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. लीगच्या सहा संघांत महाराष्ट्राच्या नावाचा संघ एकच, मुंबई. वेळापूरच्या मातीत सूर मारायला शिकलेला मुलगा चेन्नईला गेला यात दुःख नाही, त्याचे नाव झाले. पण त्याला घडवणाऱ्या गावाच्या मैदानाला त्या निवडीतून काय मिळावे, याचा रकानाच त्या पद्धतीत नाही.

क्रिकेटमध्ये सोलापूरकरांना हे आणखी टोचले. 2023 च्या पहिल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये सोलापूर रॉयल्स हा संघ होता. त्याचा मुख्य चेहरा होता लोणावळ्याचा फिरकीपटू विकी ओस्तवाल. आणि सोलापुरात जन्मलेला अर्शिन कुलकर्णी खेळला नाशिककडून. पुण्याविरुद्ध त्याने 54 चेंडूंत 13 षटकारांसह 117 धावा कुटल्या आणि नाशिक एका धावेने जिंकले. लिलावाला जिल्हा कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या हिशेबाने अर्शिन सोलापूरच्या प्रबोधिनीतला मुलगा ठरला असता आणि सोलापूरने गुण भरून त्याला घरी ठेवला असता.

पण आपल्या तक्रारीतली हवा काढणारी गोष्ट लगेच पुढे उभी राहते. 2025 च्या संघांच्या यादीत सोलापूरचे नावच नव्हते. रायगड, सातारा ही नावे होती. समजा 2023 मध्ये सोलापूरने आपला 2025 चा पहिला नंबर नाशिकला दिला असता, तर नाशिकच्या हातात काय उरले असते? खो-खोच्या लीगचा पहिला मोसम ऑगस्ट 2022 मध्ये, दुसरा डिसेंबर 2023 मध्ये, मध्ये सोळा महिन्यांचे अंतर. पुढचा मोसम कधी हेच ठरलेले नसेल तर पुढच्या मोसमाचा नंबर कुठल्या भावाने विकायचा?

आधी काय, मग काय

या आढाव्यातून नंबराच्या व्यापाराबद्दल काही गोष्टी ठाम म्हणता येतात. वरच्या नंबराचा मोह बहुतेक वेळा महाग पडतो. तयार खेळाडूसाठी नंबर देणे चूक नाही, तयार संघ नसताना देणे चूक आहे. सौद्यात किरकोळ म्हणून टाकलेली वस्तू दोनदा तपासावी. आणि घरच्या मुलावरचा हक्क ही भावना असली तरी तिची किंमत आकारता येते.

आपल्याकडे मात्र क्रम वेगळा लागेल. खो-खो असो की जिल्ह्यांचे क्रिकेट, पहिली गरज पक्क्या तारखांची आणि टिकणाऱ्या संघांची आहे. दुसरी, मुलाला घडवणाऱ्या गावाच्या किंवा मंडळाच्या वाट्याची. संघाने मुलगा निवडला की ठरलेल्या मानधनाच्या काही टक्के रक्कम त्या मंडळाच्या मैदानासाठी जावी, एवढा साधा नियम पुरे. नंबरांची अदलाबदल, पुढच्या वर्षीचे सौदे, ड्राफ्टच्या रात्रीची घासाघीस हे सगळे त्यानंतरचे. ऑस्ट्रेलियातही ड्राफ्ट आला 1986 मध्ये आणि पुढच्या वर्षीचा नंबर विकायची मुभा 2015 मध्ये. मधली एकोणतीस वर्षे लीग दर वर्षी ठरल्या वेळी भरत राहिली, तेव्हा कुठे न उगवलेल्या वर्षावर कुणी भरवसा ठेवला.

भिशी चालवणारी बाई हे जाणते. तिची वही उघडून पाहा. पहिल्या पानावर बारा महिन्यांच्या तारखा असतात. कुणाचा नंबर कितवा, हे दुसऱ्या पानावर.